पदवीची पारख

(ज्ञातिमंडळाच्या नाशिक येथील वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गुणगौरव समारंभप्रसंगी दिलेले व्याख्यान)



ज्या मुलामुलींना आत्ताच पारितोषिके मिळाली त्यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. त्यांच्या आईवडिलांचे अभिनंदन तर त्याहून अधिक. कारण गुणपत्रिकेवर नाव मुलाचे असले तरी पहाटे उठून चहा करून देणाऱ्या आईचे गुण तिच्यावर कोणी मांडीत नाही.

तथापि आमचे आजचे बोलणे मुख्यतः ज्यांचे नाव या व्यासपीठावरून पुकारले गेले नाही त्यांच्याविषयी आहे. बारावी होताच वडिलांच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला मुलगा, सातपूर किंवा अंबड येथील कारखान्यात आज दिवसपाळी तर उद्या रात्रपाळी करणारा तरुण, लग्न ठरले म्हणून पदवीच्या दुसऱ्या वर्षी महाविद्यालय सुटलेली मुलगी, आणि मुले शाळेत जाऊ लागल्यावर आपले राहिलेले शिक्षण पुरे करावे अशी इच्छा मनात धरून बसलेली गृहिणी, ही सारी आपलीच माणसे आहेत. त्यांतील अनेकजण आम्हांस विचारतात, 'घरी राहून पदवी घेता येते असे ऐकतो. ती कोणत्या विद्यापीठाची घ्यावी? ती खरी असते का? आणि आमच्यासारख्यांस परवडेल का?' या तीन प्रश्नांची उत्तरे देण्यासाठीच आम्ही आज उभे आहोत.

प्रथम थोडा पूर्वेतिहास सांगणे अगत्याचे आहे. जुन्या काळी विद्यार्थ्याला विद्येकडे जावे लागे. खेड्यातील हुशार मुलाला शहरात राहण्याची सोय नसे, म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहांची परंपरा सुरू केली आणि निरनिराळ्या ज्ञातींच्या मुलांना शहराची दारे खुली करून दिली. आपल्या नाशिकात १९१४ साली मराठा विद्या प्रसारक समाजाची स्थापना झाली. १९२४ साली हं. प्रा. ठा. महाविद्यालय सुरू झाले. त्यांच्या शाळा-महाविद्यालयांत शिकून या जिल्ह्याच्या किती पिढ्या शहाण्या झाल्या, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना आम्ही सांगण्याची गरज नाही. परंतु ज्याला सकाळी अकरा ते पाच वर्गात बसणेच अशक्य आहे, त्याची सोय वसतिगृहाने होत नाही. त्याच्यासाठी विद्येनेच घराकडे चालत यावयास हवे.

ते चालत येणे हळूहळू घडले. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा पदवीशिक्षण सुरू केले. इंग्लंडातील मुक्त विद्यापीठाला १९६९ साली सनद मिळाली. आपल्या देशात १९८२ साली हैदराबाद येथे आंध्र प्रदेशाचे मुक्त विद्यापीठ निघाले, १९८५ साली दिल्लीस इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, आणि १९८९ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कायदा करून आपल्या राज्याचे मुक्त विद्यापीठ निर्माण केले. ते मुंबईस नव्हे, पुण्यास नव्हे, तर आपल्या नाशिकास, गंगापूर धरणाच्या परिसरात गोवर्धन येथे उभे राहिले. त्याला यशवंतराव चव्हाणांचे नाव दिले गेले हेही उचितच झाले. मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या घरांतील मुलांना शुल्काची सवलत देणारे यशवंतराव, १९६३ साली याच नाशिकातून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले हे त्यापूर्वी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते, आणि पुढे ते राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे या विद्यापीठाचे ब्रीद आहे. गोदावरीच्या उगमाकडील जिल्ह्याला हे ब्रीद किती शोभते!

असे विद्यापीठ आपल्या उंबरठ्याशी असता, आपल्याच ज्ञातीतील माणसे मोबाइलवर आलेल्या जाहिरातीस भुलून कुठल्या कुठल्या दूरच्या संस्थांकडे हजारो रुपये भरतात, आणि पुढे त्या कागदाचे काय करावे असे विचारीत आमच्याकडे येतात, याचे आम्हांस फार वाईट वाटते. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी पदवीची पारख कशी करावी, हे आम्ही क्रमाने सांगू इच्छितो.

आपला पिढीजात धंदा तांब्यापितळेचा. भांडी बाजारात हंडा घेण्यास आलेले शहाणे गिऱ्हाईक नुसत्या चकाकीवर जात नाही. ते हंडा उचलून वजन पाहते, बोटाने वाजवून नाद ऐकते, सांधा नीट बसला आहे की नाही ते न्याहाळते. आतली कल्हई तेवढी पांढरीशुभ्र आणि पत्रा मात्र पातळ, असे भांडे ते परत ठेवते. पदवीच्या बाबतीतही असेच वागले पाहिजे. फरक इतकाच की भांडे खराब निघाले तर मोड म्हणून तरी विकता येते. अमान्य पदवीला मोडीचा भावसुद्धा येत नाही, आणि गेलेली वर्षे तर कोणीच परत देत नाही.

पहिली पारख अशी की, पदवी देण्याचा अधिकार त्या संस्थेला आहे काय? १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यातील बाविसाव्या कलमाप्रमाणे, संसदेच्या किंवा राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच पदवी देता येते. इतर कोणी आपल्या पाटीवर 'विद्यापीठ' हा शब्द रंगविला म्हणून तो विद्यापीठ होत नाही. अशा बनावट संस्थांची यादी आयोग वेळोवेळी प्रसिद्ध करीत असतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या यादीत वीस नावे होती. त्यांत राजधानी दिल्लीतील आठ आणि आपल्या राज्यातील, नागपूरचे, एक होते. राजधानीतही असे प्रकार चालतात, यावरून मोठ्या शहराचा पत्ता हे सचोटीचे प्रमाणपत्र नव्हे, हे ध्यानात यावे.

दुसरी पारख याहून सूक्ष्म आहे, आणि बहुतेक लोक फसतात ते येथेच. विद्यापीठ खरे असले तरी, तो विशिष्ट शिक्षणक्रम, त्या विशिष्ट पद्धतीने आणि त्या विशिष्ट वर्षी चालविण्याची मान्यता त्याला आहे काय, हे निराळे पाहावे लागते. येथे तीन गोष्टी एकमेकींत मिसळू देऊ नयेत. विद्यापीठाची स्थापना कायद्याने होते. दूरस्थ किंवा ऑनलाइन शिक्षणक्रमास मान्यता अनुदान आयोग देतो. हे काम २०१३ पासून आयोगाचे दूरशिक्षण मंडळ पाहते आणि सध्याचे नियम २०२० सालचे आहेत. तिसरी गोष्ट गुणवत्तेच्या मूल्यांकनाची. ते १९९४ साली स्थापन झालेली बंगळूर येथील राष्ट्रीय मूल्यांकन परिषद, म्हणजे ज्याला सर्वजण 'नॅक' म्हणतात ती संस्था, करते. जाहिरातीत 'नॅक'ची श्रेणी ठळक छापलेली असते. पण ती श्रेणी कोणत्या वर्षी मिळाली, तिची मुदत संपली की काय, आणि ज्या शिक्षणक्रमासाठी आपण पैसे भरणार तो आयोगाच्या मान्य यादीत आहे की नाही, हे मात्र बारीक अक्षरातही सापडत नाही. श्रेणी चांगली असणे इष्ट आहे; परंतु श्रेणीने मान्यतेची उणीव भरून निघत नाही.

ही केवळ पुस्तकी शंका नव्हे. शेजारच्या राज्यातील उदाहरण पाहा. म्हैसूर येथील कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ १९९६ साली राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले. त्याच्या अस्तित्वाविषयी कोणालाही शंका नव्हती. परंतु आपल्या हद्दीबाहेर केंद्रे चालविणे इत्यादी कारणांवरून, २०१२-१३ नंतरच्या त्याच्या शिक्षणक्रमांना मान्यता नाही, असे अनुदान आयोगाने २०१५ साली जाहीर केले. पुन्हा मान्यता मिळाली ती २०१८ साली, पुढील प्रवेशांसाठी. मधल्या वर्षांत ज्यांनी प्रामाणिकपणे अभ्यास केला त्या विद्यार्थ्यांवर काय प्रसंग आला असेल, याची कल्पना आपण करावी. विद्यापीठ सरकारी म्हणून आपण डोळे मिटावे असे नाही, हाच त्यातील बोध.

दुसरे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालाचे. चार अभिमत विद्यापीठांनी योग्य परवानगीवाचून पत्रद्वारा अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. न्यायालयाने २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना पुन्हा परीक्षेस बसण्याची संधी दिली, आणि त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द ठरविल्या. म्हणजे नोकरीस लागून बढती मिळालेल्या, संसारात रमलेल्या माणसांना, दहा-बारा वर्षांनी आपली पदवी ही पदवीच नव्हे असे ऐकावे लागले! विद्यार्थिमित्रहो, पाया कच्चा असला तर घर पहिल्या पावसात पडतेच असे नाही. ते दहाव्या पावसातही पडू शकते.

यास्तव काही विषय घरबसल्या शिकता येतच नाहीत, हे पक्के लक्षात ठेवावे. वैद्यक, दंतवैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, अभियांत्रिकीची पदवी, वास्तुशास्त्र, कायदा यांच्या पदव्या दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने देण्यास आयोगाची मनाई आहे. २०२५ सालापासून मानसशास्त्र, पोषण व आहारशास्त्र यांसारख्या आरोग्याशी निगडित विषयांच्या नव्या प्रवेशांचीही त्यांत भर पडली आहे. शिक्षणशास्त्राची पदवी दूरस्थ पद्धतीने मिळते खरी, पण ती नोकरीत असलेल्या शिक्षकांसाठी. 'घरी बसून नर्सिंगची पदवी' किंवा 'दहा दिवसांत व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी' असे कोणी सांगू लागला तर पुढे ऐकण्याचीही गरज नाही. दहा दिवसांच्या त्या तथाकथित पदवीविषयी तर आयोगास २०२४ साली जाहीर इशारा द्यावा लागला.

ही पारख करणे आता पूर्वीइतके अवघडही राहिलेले नाही. आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचे नाव व शैक्षणिक वर्ष पाहिले की, मान्य शिक्षणक्रमांची यादी समोर येते. शिवाय २०२४ पासून असा नियम झाला आहे की, दूरस्थ किंवा ऑनलाइन शिक्षणक्रमास प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्याने प्रथम स्वतः त्या संकेतस्थळावर नोंदणी करून आपला ओळख क्रमांक, म्हणजे 'डीईबी आयडी', काढावयाचा असतो. त्यापूर्वी शैक्षणिक श्रेयांकांच्या खात्याचा क्रमांक लागतो; तो आधारच्या साहाय्याने निघतो. हे काम विद्यार्थ्याने स्वतः करावे, दलालाच्या हाती सोपवू नये. मूळ गुणपत्रिका व दाखलेही कोणाकडे ठेवू नयेत. पडताळणी झाल्यावर ते परत द्यावेत, ते अडकवून ठेवू नयेत, असा आयोगाचा २०१८ सालचा आदेश आहे.

तिसरी पारख राज्याच्या रहिवासाची. 'मी महाराष्ट्राचा रहिवासी, याचा मला काय उपयोग?' असा प्रश्न पुष्कळजण करतात. उपयोग आहे, आणि तो तीन प्रकारचा आहे. पहिला हद्दीचा. दूरस्थ पद्धतीत, म्हणजे छापील पुस्तके, अभ्यासकेंद्र आणि केंद्रावरील मार्गदर्शन या पद्धतीत, राज्याच्या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र राज्यापुरतेच असते. म्हणून परराज्यातील एखाद्या विद्यापीठाचे 'अधिकृत अभ्यासकेंद्र' म्हणून नाशिकात कोणी दुकान मांडले असेल, तर तेथे पैसे भरण्यापूर्वी दहादा विचार करावा. नियमांत केंद्रे मक्त्याने देण्यास बंदी आहे. इंदिरा गांधी विद्यापीठाला मात्र देशभर कार्यक्षेत्र आहे, आणि मान्यताप्राप्त ऑनलाइन शिक्षणक्रमांनाही राज्याच्या सीमेचा अडसर नाही. 'दूरस्थ' आणि 'ऑनलाइन' हे शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात. पण नियमांच्या दृष्टीने ते दोन आहेत, आणि प्रमाणपत्र हाती घेताना हा भेद महत्त्वाचा ठरतो.

दुसरा उपयोग भाषेचा आणि अंतराचा. आपल्या मुक्त विद्यापीठाची कला व वाणिज्य शाखांची स्वयंअध्ययनाची पुस्तके मराठीत आहेत, आणि परीक्षाही मराठीतून देता येते. नाशिक, पुणे, मुंबई, नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर आणि नांदेड अशी त्याची आठ विभागीय केंद्रे आहेत, आणि त्यांखाली गावोगावच्या महाविद्यालयांतून अभ्यासकेंद्रे चालतात. येवला, मालेगाव, सिन्नर येथील ज्ञातिबांधवांनी हे मनावर घ्यावे. अडचण आली असता एस्. टी. ने जाऊन समक्ष विचारता येते, ही सोय लहान नव्हे. दूरच्या संस्थेचा दूरध्वनी प्रवेशापूर्वी दिवसातून चारदा येतो; प्रवेशानंतर तो आपण लावावा तर कोणी उचलीत नाही, असा अनुभव अनेकांनी आम्हांस सांगितला आहे.

तिसरा उपयोग सवलतींचा. पण येथे गैरसमज फार आहेत. राज्याच्या शिष्यवृत्त्या व शुल्कसवलतींसाठी अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला लागतो. अधिवासासाठी सर्वसाधारणपणे राज्यात पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. हे दाखले प्रवेशाच्या घाईत न काढता, सुटीच्या दिवसांतच सेतू केंद्रातून काढून ठेवावेत. मात्र प्रत्येक सवलत घरबसल्या शिक्षणास लागू असतेच असे नाही. उदाहरणार्थ, २०२४ साली राज्य शासनाने वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणात संपूर्ण शुल्कमाफी जाहीर केली. ती केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलींसाठी आहे. मुक्त शिक्षणक्रमासही ती मिळेल असे गृहीत धरून कोणी अर्ज भरू नये. जी मुलगी त्या माफीस पात्र आहे आणि महाविद्यालयात जाऊ शकते, तिला घरबसल्या शिक्षणाकडे वळविणे तर सर्वस्वी चूक होईल. मुक्त विद्यापीठ हे ज्याला दुसरे दार नाही त्याच्यासाठी उघडलेले दार आहे. मुलीला घरात ठेवण्याची सबब म्हणून त्याचा उपयोग होऊ नये, अशी आमची वडीलधाऱ्यांना नम्र विनंती आहे.

रहिवासाच्या संबंधात आपल्या समाजापुढे आणखी एक प्रश्न आहे. आपल्या मुली सुरतेस, इंदुरास, हैदराबादेस दिल्या जातात. लग्न पुढील वर्षात होणार असे दिसत असेल आणि मुलीने पदवीस नाव घातले असेल, तर परीक्षेसाठी दर वेळी महाराष्ट्रात येणे जमेल काय, याचा विचार सोयरीक ठरवितानाच करावा. अशा मुलीने प्रारंभीच इंदिरा गांधी विद्यापीठात प्रवेश घेतल्यास, तिला पुढे आपले अभ्यासकेंद्र नव्या गावी बदलून घेता येते. नव्याने सुरुवात करावयाची असेल तर गुजरातेत अहमदाबादेस डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ आहे, मध्य प्रदेशात भोपाळास भोज मुक्त विद्यापीठ आहे. सासरच्या मंडळींनी सून आल्यावर तिच्या पेटीतील पुस्तकांचीही विचारपूस करावी, एवढेच आमचे मागणे आहे.

चौथी पारख खर्चाची. आपण व्यापारी माणसे; पण शिक्षणाचा खर्च मांडताना मात्र पहिल्या वर्षाचे शुल्क तेवढे पाहतो. हिशेब संपूर्ण शिक्षणक्रमाचा मांडावा. प्रवेशशुल्क, परीक्षाशुल्क, पुस्तके, केंद्रावर जाण्यायेण्याचे भाडे, इंटरनेटचा खर्च, एखादा विषय राहिल्यास पुनर्परीक्षेचे शुल्क, आणि शेवटी पदवीदानाचे शुल्क, असे सात आकडे कागदावर एकाखाली एक लिहून बेरीज करावी. दोन-तीन विद्यापीठांच्या अशा बेरजा समोर ठेवल्या की कोणते परवडते हे आपोआप दिसते. सरकारी मुक्त विद्यापीठे आणि खाजगी विद्यापीठांचे ऑनलाइन शिक्षणक्रम यांतील अंतर पाहून अनेकांचे डोळे उघडतील.

हप्त्यांच्या मोहाविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. काही ठिकाणी 'आज काही भरू नका, महिन्याला थोडे थोडे द्या' असे सांगून विद्यार्थ्याकडून मोबाइलवरच संमती घेतली जाते. ते हप्ते विद्यापीठाचे नसतात; ते सावकारी कंपनीचे कर्ज असते. मुलाने पुढे अभ्यास सोडला तरी कर्ज सुटत नाही, आणि थकले तर त्याची पत जाते. आपल्या वडिलांनी उधारीच्या वहीवर उभे आयुष्य काढले. तरीही कागद वाचल्यावाचून त्यांनी अंगठा उठविला नाही. मुलांनी बोट लावण्यापूर्वी तेवढेच करावे. पैसे भरावयाचे ते थेट विद्यापीठाच्या खात्यात, आणि पावती विद्यापीठाच्या नावाची घ्यावी.

ज्यांची ऐपत अगदीच कमी आहे त्यांनी 'स्वयम्' या केंद्र शासनाच्या व्यवस्थेची माहिती करून घ्यावी. ती २०१७ साली सुरू झाली. तिच्यावरील पाठ विनामूल्य ऐकता येतात. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तेव्हाच शुल्क पडते. विद्यापीठाची संमती असल्यास पदवीच्या श्रेयांकांपैकी चाळीस टक्क्यांपर्यंत या मार्गाने मिळविता येतात. ज्यांची बारावीच राहिली आहे त्यांनी निराश होऊ नये. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत ती परीक्षा देता येते, आणि मग पुढील वाट मोकळी होते.

आता पाचवी आणि शेवटची पारख. ती विद्यापीठाची नसून आपल्या घराची आहे. घरबसल्या शिक्षणात प्रवेश सोपा असतो. टिकणे कठीण असते. वर्गात न गेल्यास हजेरीपटावर लाल खूण होते. घरी पुस्तक न उघडल्यास कोणालाही कळत नाही. म्हणून घरातील सर्वांनी मिळून दिवसातील एक तास त्या विद्यार्थ्याच्या नावाने राखून ठेवावा. गृहिणीला पहाटेचा वेळ मिळेल, दुकानदाराला दुपारी गिऱ्हाईक विरळ असते तेव्हाचा, पाळीवरच्या तरुणाला सुटीच्या दिवसाचा. परीक्षेच्या दिवसांत घरात पाहुणे, जागरण-गोंधळ, बारसे-डोहाळे यांचे बेत आखू नयेत. सुनेला 'आता कशाला हे?' असे म्हणू नये. हे ज्या घरात शक्य नाही त्या घराने प्रवेशाचे पैसे वाचवावेत, हे कठोर असले तरी खरे आहे.

ज्ञातिबांधवहो, एका गोष्टीविषयी मात्र मंडळाच्या व्यासपीठावरून स्पष्ट बोललेच पाहिजे. आपल्या वधू-वर मेळाव्यात मुलीची किंवा मुलाची माहिती वाचली जाते, तेव्हा पदवीचे नाव ऐकताच पुढचा प्रश्न येतो, 'कॉलेजात जाऊन की बाहेरून?' आणि 'बाहेरून' म्हटले की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक सूक्ष्म आठी उमटते. २०२२ साली अनुदान आयोगाने निःसंदिग्ध शब्दांत जाहीर केले आहे की, मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी ही नियमित पदवीच्या बरोबरीची मानावी. लोकसेवा आयोगाच्या ज्या परीक्षांना पदवीची अट आहे, त्यांच्या अर्जाला ती चालते. शासनाने जिला बरोबरीची मानले, तिला आपण सोयरिकीच्या पाटावर कमी का लेखावे? दिवसभर यंत्रावर उभे राहून रात्री पुस्तक उघडणाऱ्या मुलाची पदवी हलकी, आणि वडिलांच्या पैशावर उपाहारगृहात बसून मिळविलेली भारी, असा न्याय कोणत्या स्मृतीत लिहिला आहे? आपणच या पदव्यांना कमी लेखतो, म्हणून आपली मुले भपकेबाज नावांच्या मागे लागतात आणि फसतात. फसवणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. त्यांचा धंदा ज्या खोट्या प्रतिष्ठेवर चालतो ती आपल्याच घरात जोपासली जाते.

याविषयी मंडळाने काय करावे, हे सुचवून आम्ही आमचे बोलणे आटोपते घेतो. शिष्यवृत्तीची रक्कम वाढविणे चांगलेच. परंतु त्याहून कमी खर्चाची आणि अधिक उपयोगाची तीन कामे आहेत. पहिले असे की, दर वर्षी प्रवेशाच्या मोसमात, चार रविवार, मंडळाच्या कार्यालयात दोन सुशिक्षित तरुणांनी संगणक घेऊन बसावे, आणि जो कोणी येईल त्याच्या इच्छित शिक्षणक्रमाची मान्यता त्याच्यासमक्ष पडताळून द्यावी. मुलीबाळींना एकट्याने विचारण्यास संकोच वाटतो. त्यांच्यासाठी महिला मंडळाच्या एका भगिनीने तेथे अवश्य उपस्थित राहावे. दुसरे, उत्तीर्ण झालेल्यांनी आपली पुस्तके मंडळाच्या कपाटात जमा करावीत, म्हणजे पुढच्यास ती मिळतील. तिसरे, परीक्षाशुल्कासाठी एक लहानसा फिरता निधी असावा. वेळेवर शुल्क भरता आले नाही एवढ्याच कारणाने वर्ष वाया जाऊ नये. ज्याने निधीतून घेतले त्याने नोकरी लागल्यावर परत करावे, आणि जमल्यास थोडे अधिक घालून करावे.

चौथे काम मंडळाचे नव्हे, आपणा सर्वांचे आहे. पुढच्या वर्षी याच व्यासपीठावरून गुणवंतांची नावे वाचली जातील, तेव्हा मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्या आपल्या भावाबहिणींची नावेही त्याच यादीत, त्याच टाळ्यांनी वाचली जावीत. वेगळी यादी नको, 'बाहेरून' असा शेरा नको. चाळिशी उलटलेली एखादी माउली आपल्या नातवंडाचे बोट धरून पारितोषिक घेण्यास येथे आली, तर तो दिवस आपल्या ज्ञातीच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहावा लागेल.



जय हिंद! जय महाराष्ट्र!